पाच सूत की सोळा मिलिमीटर?



लागण, खत आणि खोडवा यांवर आपण नेहमी बोलतोच. या खेपेला विषय घेतला आहे नट-बोल्टचा. ऊस विकास अधिकाऱ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण विहिरीत पाणी असून एका बोल्टापायी पीक वाळते, हे मी स्वतः अनुभवले आहे, म्हणून लिहितो.

मी मूळचा रायगडच्या किनाऱ्यावरचा, रेवदंड्याजवळचा. आमच्याकडे ऊस नाही, नारळ-सुपारीच्या वाड्या. पूर्वी विहिरीवर रहाट असायचे, आता मोटारी आहेत. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. घाटावर वर्षानुवर्षे चालणारा बोल्ट तिकडे थोड्याच पावसाळ्यांत गंजून पान्याला दाद देत नाही. त्यामुळे नट-बोल्ट बदलणे नेहमीचेच.

एका मे महिन्यात गावी गेलो असता पंपाच्या पायाचा नट गंजून फुटला. दुकानात जाऊन मी नुसत्या अंदाजाने "पाच सुती द्या" म्हटले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा पाच सूत म्हणजे 15.875 मिलिमीटर. आमचा बोल्ट होता 16 मिलिमीटरचा. फरक केसाएवढा! नट दोन फेरे छान बसला, पुढे जाईना. मी पान्याला पाइप लावून जोर केला. बसला एकदाचा! तिसऱ्या दिवशी आटे सोलले, पंप हलला, कपलिंग गेले. आठ दिवस वाडीला पाणी नाही आणि नवी लावलेली सुपारीची रोपे करपली. चूक दुकानदाराची नव्हे, माझीच.

जाडी जुळली म्हणून आटा जुळत नाही. पाच सुती व्हिटवर्थ बोल्टला इंचात 11 आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे 2.3 मिलिमीटर अंतर. सोळाच्या नेहमीच्या बोल्टला ते अंतर बरोबर 2 मिलिमीटर. एक-दोन फेऱ्यांनंतर दोघांचे भांडण लागायचेच.

सुताचे माप वाईट होते असे नाही. इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता, तेव्हा 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एक आटा सुचवला. त्या काळचे ते मोठे शहाणपण. पण आपल्या देशाने 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली. भारतीय मानक संस्थेने, म्हणजे आजच्या भारतीय मानक ब्यूरोने, मेट्रिक आट्यांची मानके ठरवून दिली. आपण मात्र एकाच ट्रॉलीत दोन्ही राज्ये नांदवतो.

नुसते मिलिमीटर म्हणूनही भागत नाही, मोजकीच मापे निवडली पाहिजेत. बोल्टात पहिल्या पसंतीची मापे 6, 8, 10, 12, 16, 20 आणि 24. मधली 14, 18, 22 ही दुसऱ्या पसंतीची, नाइलाज असेल तरच घ्यावीत. माप वाढेल तसे दोन मापांतले अंतरही वाढते, कारण सहाच्या बोल्टाला दोन मिलिमीटर म्हणजे मोठी गोष्ट, चोविसाच्या बोल्टाला तेवढी नाही. मापे थोडी असली की पाने थोडे लागतात आणि सुटा माल कोणत्याही गावी मिळतो.

माझे म्हणणे असे:

नवी ट्रॉली, अवजार किंवा पंपाचा सांगाडा करून घेताना वेल्डरला आधीच सांगा की बोल्ट 8, 10, 12, 16, 20 एवढ्यातलेच घाल.

पीव्हीसी पाइप "अडीच इंची" म्हणून मागू नका. 63, 75, 90, 110 हा पाइपवर छापलेला आकडा सांगा, तो बाहेरचा व्यास असतो. एका पाणीपुरवठा योजनेत शक्यतो दोनच मापे ठेवा.

जुने सुती अवजार मोडीत काढू नका. त्याच्या बोल्टाच्या डोक्याला लाल रंग लावा आणि त्याचे नट वेगळ्या डब्यात ठेवा.

एक अपवाद ध्यानात असू द्या. लोखंडी पाण्याच्या पाइपचे आटे आजही इंचाच्या हिशेबानेच चालतात, आपल्या मानकांतही. तिथे मिलिमीटरचा हट्ट नको. आपल्याला हवा आहे तो मेळ.

"आमचा फिटर सुतातच बोलतो" असे काही सभासद सांगतील. बोलू द्या. नवा नट बोल्टावर हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, एवढी एकच परीक्षा त्याला घालून द्या. गंज काढून, तेल लावूनही अडला तर तो त्या बोल्टाचा नव्हे.

थोडे कारखान्यालाही सांगतो. ऊस वाहतुकीच्या करारात ट्रॉलीच्या हुकाच्या आणि चाकाच्या बोल्टांची मापे लिहावीत, हंगामाआधी तपासावीत. भरलेली ट्रॉली रस्त्यात सुटली तर नुकसान उसापुरते राहात नाही. मागून दुचाकीवर कोणाचे तरी पोर येत असते.

वजनकाट्यावर आपण किलोकिलोचा हिशेब मागतो, आणि तो मागायलाच हवा. मग त्याच उसाची ट्रॉली ज्या बोल्टावर उभी असते, त्याचे माप अंदाजावर का सोडावे?

आपला,
ऊस विकास अधिकारी