मोदकासारखे अक्षर

श्रीगजानन ही विद्येची देवता. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, ही महाभारताच्या लेखनाची कथा आपल्या घरोघरी परिचित आहे. अशा दैवताच्या उत्सवात अक्षर कसे असावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेने घडविलेला ‘मोदक’ हा देवनागरी अक्षरसंच या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे हे त्याचे रचनाकार. गणरायाच्या आवडत्या नैवेद्याचे नाव त्याला शोभते. अक्षरे गुबगुबीत, सारणाने गच्च भरल्यासारखी. त्यांच्या पोटातील पोकळी उरते ती केवळ बारीक चिरेएवढी. देवनागरीत हे काम कठीण असते. शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी व रफार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. सर्वत्र सारखीच जाडी वाढविली तर अक्षराचा गोळा व्हायचा. म्हणून एकेका अक्षराची बांधणी स्वतंत्रपणे बदलावी लागते. हा अक्षरसंच कोणासही विनामूल्य वापरता येतो.

परंतु ठसठशीत अक्षराचा धर्म दुरून हाक मारण्याचा आहे, हे विसरता कामा नये. कमानीवरील मंडळाचे नाव, आरतीची वेळ, विसर्जनाचा मार्ग, असे मोजके शब्द त्याने मोठ्या आकारात सांगावेत. फलकावरील प्रत्येक ओळ, देणगीदारांच्या नावांसह, तितकीच जाड केली की कोणतीच ओळ डोळ्यांत भरत नाही.

आरतीच्या पुस्तिकेत तर हा मोह सर्वथा टाळावा. गणपती अथर्वशीर्षात गकार, अकार आणि अनुस्वार यांतून बीजाक्षर कसे सिद्ध होते, ते सांगितले आहे. लहान आकारातील जाड छपाईत तो बिंदू शिरोरेषेला चिकटला, की ‘गं’चा ‘ग’ होतो. पाय मोडल्याची खूण बुजली, की उच्चार बदलतो. पाठ करणाऱ्या बालकाच्या जिभेवर तीच चूक जन्मभर बसते.

वृद्धांना जाड अक्षर सोयीचे पडते, असे कोणी म्हणेल. वस्तुतः त्यांना हवे असते मोठे अक्षर, आणि त्याच्या पोटात व भोवती पुरेसा पांढरा अवकाश. जावजी दादाजींनी 1869 साली स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक झाला तो सुबक, स्वच्छ ठशांमुळे आणि शुद्ध छपाईमुळे. केवळ काळ्या शाईच्या भाराने तो मिळाला नसता.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची नम्र सूचना आहे. कमानीवर मोदक अवश्य मिरवावा. पुस्तिकेसाठी मात्र साधे, मोठे अक्षर निवडावे, आणि छापण्यापूर्वी तिचे एक पान घरातील आजींकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. त्या जेथे अडखळतील, तेथे दोष त्यांच्या दृष्टीचा न मानता अक्षराचा मानावा.