घरी शिकणारे मूल शाळाबाह्य कसे?

वीटभट्टीवर आईबापांबरोबर माती तुडविणारे अकरा वर्षांचे पोर आणि घरच्या ओसरीवर आईजवळ बसून अपूर्णांक सोडविणारी अकरा वर्षांची मुलगी, या दोघांसाठी सरकारी कागदावर एकच शब्द आहे : 'शाळाबाह्य'. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही तो शाळाबाह्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्याला काय येते आणि काय येत नाही, हा प्रश्न त्या रकान्यात बसत नाही. पहिल्या पोराला शोधून काढून शाळेत बसविण्यासाठी हा शब्द जन्माला आला, आणि तो आलाच पाहिजे होता. दुसरीच्या कपाळी तोच चिकटविणे हा मात्र विचार न करण्याचा आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत आज काही प्रामाणिक घरे मोजीत आहेत.

अशी घरे थोडी आहेत. पुण्या-मुंबईकडे ती अधिक, पण आमच्या सीमाभागातही ती दिसू लागली आहेत. शहापुरातील असे एक कुटुंब आम्ही गेली तीन वर्षे जवळून पाहत आहोत. वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत नोकरीला, आई पदवीधर, पूर्वी एका पतपेढीत कारकून. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. मार्च 2020 मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी पहिलीत होती. मोबाईलच्या पडद्यावर काडेपेटीएवढ्या चौकोनात बाईंचा चेहरा, आणि पुढे पेंगुळलेले मूल, हे दृश्य त्या वेळी घरोघर होते. बहुतेकांनी ते पाहिले आणि विसरले. या माउलीच्या ध्यानात एक गोष्ट राहिली. मुलगी इंग्रजी कविता धडाधड म्हणत होती, परंतु गावी असलेल्या आजीला मराठीत चार ओळी लिही म्हटले तर तिला ते साधेना. शाळा पुन्हा सुरू झाली, दोन वर्षे तशीच गेली, आणि शेवटी नवराबायकोने विचार करून पोरीला घरी ठेवली. नोकरी सुटली ती अर्थातच आईची. आमच्या समाजात असल्या प्रयोगाचा पहिला हप्ता बाईच्या पगारातून जातो, हे येथे नमूद करून ठेवतो.

त्यांचा दिनक्रम वाचकांनी ऐकावा. सकाळी आठ ते साडेदहा एवढाच अभ्यास. एक विषय वीस मिनिटे, मग दुसरा. हे खूळ त्या बाईंचे नव्हे. इंग्लंडात शार्लट मेसन नावाच्या शिक्षिकेचे 'होम एज्युकेशन' हे पुस्तक 1886 साली निघाले. लहान मुलांचा धडा थोडक्यात आटपावा, एकदाच लक्षपूर्वक वाचावा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावा, ही तिची पद्धत. शहापूरच्या ओसरीवर तीच चालते. आई एक प्रकरण मोठ्याने वाचते, पुस्तक मिटते, आणि मुलगी सांगते. सांगताना अडखळली तर आई मध्ये तोंड घालीत नाही. 'न बोलणे हेच सगळ्यांत जड गेले,' असे त्या आम्हांला म्हणाल्या, आणि हे वाक्य आम्ही अध्यापक-विद्यालयांच्या भिंतींवर लावण्याच्या योग्यतेचे समजतो.

गणित आजोबांकडे आहे. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अद्याप मुखोद्गत. शेंगदाणे 160 रुपये किलो, तर तीन पाव केवढ्याला, याचे उत्तर सात वर्षांचा नातू दुकानदाराच्या यंत्राआधी देतो. शनिवारी स्वारी किल्ल्यातील कमल बस्तीकडे निघते. रट्टांच्या काळी, 1204 साली उभ्या राहिलेल्या त्या जैन मंदिराच्या छतात बहात्तर पाकळ्यांचे दगडी कमळ आहे. बहात्तरच का? तर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. मुलगा बोट वर करून पाकळ्या मोजतो, दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा चोवीस त्रिक बहात्तर त्याला आपोआप उमगते. इतिहास, शिल्प, धर्म आणि पाढा एका मानेच्या कळीत शिकून झाले! कानडी शेजारच्या आजींकडे. त्या बोलतात कानडी, मुले उत्तर देतात मराठीत, आणि हळूहळू उत्तरेही कानडीत येऊ लागली आहेत. शेजाऱ्याची भाषा शेजाऱ्याच्या ओट्यावर शिकावी, त्यात जी गोडी आहे ती सक्तीच्या तासात नाही.

हे सर्व वाचून कोणाला घरशाळा म्हणजे नंदनवन वाटेल, तर तसे नाही. एखाद्या दिवशी मुलगा पाटी टाकून खाटेखाली जाऊन बसतो. एखाद्या दिवशी आईचाच आवाज चढतो. पाहुणे आले की अभ्यास बुडतो आणि जाताना तेच पाहुणे 'पोरांचे वाटोळे करू नका' असा आशीर्वाद देऊन जातात. गेल्या वर्षी पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने ओसरीवर पुस्तकांच्या राशीसमोर उभे राहून त्या मुलीचे नाव शाळाबाह्यांच्या यादीत लिहिले. वाचता येते का, असे त्याने विचारले नाही. बिचाऱ्याच्या छापील नमुन्यात तो प्रश्नच नव्हता.

येथे आमच्या काही मित्रांची घाई आम्हांला आवरली पाहिजे. 'शाळा ही गुलामगिरी, घर हेच विद्यापीठ' अशी भाषा अलीकडे फॅशनसारखी बोलली जाते. ती आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्यांच्या घरी चार पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांनी घराचे गोडवे गावे, हे सोपे आहे. 1848 साली पुण्याच्या भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी मुलींची शाळा काढली, ती मुलींना घराबाहेर पडता यावे म्हणूनच. घराला तेव्हा बाहेरून कडी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत आणि 1906 साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर राज्यात तोच कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी गोखल्यांनी 1911 साली विधेयक आणले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. या थोरांनी सक्ती मागितली ती बापाच्या मर्जीवर पोराचे नशीब टांगून राहू नये म्हणून. आजही 'घरी शिकवितो' असे म्हणून थोरलीला धाकट्याच्या पाळण्याला जुंपणारा बाप या जगात आहे, तोवर ती सक्ती सैल करा असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

पण घरात शिकविणे म्हणजे सनातनीपणा, हा उलट टोकाचा समजही तितकाच कच्चा. पंडिता रमाबाई आठवा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनापवाद सोसून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात, 1858 साली रमाबाई जन्मल्या. त्या लेकीला पुढे आईने शिकविले, घरकामाचा गाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटे. त्या पहाटेच्या विद्येवर वीस वर्षांच्या मुलीने 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविल्या. ज्या काळी शाळेचे दार स्त्रीला बंद होते त्या काळी घर हीच बंडाची जागा झाली. तेव्हा प्रश्न घर की शाळा असा नाहीच. मूल शिकते आहे की नाही, आणि ते कोण पाहतो, हा खरा प्रश्न.

कायद्याची स्थिती या बाबतीत मोठी चमत्कारिक आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलास शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. घटना 'शिक्षण' म्हणते. 2009 चा शिक्षणहक्क कायदा मात्र आपल्या दहाव्या कलमात पालकाने मुलास जवळच्या शाळेत दाखल करावे असे सांगतो. घटनेने शिक्षण म्हटले, कायद्याने शाळा म्हटले, आणि या दोन शब्दांच्या फटीत शहापूरचे ते कुटुंब अडकले आहे. न पाठविणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणजे ही बाई गुन्हेगार नाही, पण कायद्याने तिला ओळखही दिलेली नाही. इंग्लंडने हा पेच 1944 च्या शिक्षणकायद्यातच सोडविला. मुलाला शाळेत अथवा अन्य रीतीने शिक्षण मिळावे, असे लिहून त्यांनी घराला जागा करून दिली. उलट जर्मनीत घरशिक्षणास जवळजवळ संपूर्ण मनाई आहे, आणि त्या मनाईपायी मुले काही काळ आईबापांपासून दूर केली गेली त्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2019 मध्ये सरकारच्या बाजूने कौल दिला. जर्मनीचा मार्ग आम्हांस नको. नुसता इंग्लंडचाही पुरणार नाही, कारण आमच्याकडे पाळण्याला जुंपलेली थोरली आहे.

आमची मागणी साधी आहे. पाहणीच्या नमुन्यात 'घरी शिकतो' असा स्वतंत्र रकाना घाला, आणि जो पालक त्या रकान्यात नाव लिहील त्याच्या मुलाला वर्षातून एकदा एका शिक्षकासमोर बसवा. त्या शिक्षकाने मुलाच्या भाषेतील एक पान वाचून घ्यावे, ते त्याच्याकडून ऐकावे, एक पत्र लिहवून घ्यावे, खोलीचे क्षेत्रफळ मोजवून घ्यावे. थोरलीला जुंपणारा बाप या एका तासात उघडा पडेल, आणि शहापूरच्या आईला मान मिळेल. खर्च म्हणाल तर एका शिक्षकाचा प्रवासभत्ता.

आता ज्यांना हा मार्ग पत्करावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. शाळा घरी आणू नका. घंटा, गणवेश, छडी आणि बक्षीस या चार वस्तू उंबऱ्याबाहेर ठेवा. वकिली सोडून भावनगरच्या बालमंदिरात 1920 पासून मुलांत रमलेल्या गिजुभाई बधेकांनी मार आणि बक्षीस दोन्ही वर्ज्य मानले, कारण दोहोंनीही मूल शिकण्याकडे न पाहता शिकविणाऱ्याच्या हाताकडे पाहू लागते. दुपार मोकळी सोडा. मूल कंटाळले तर कंटाळू द्या. कंटाळलेले पोर अर्ध्या तासाने काहीतरी करावयास घेते, आणि ते बहुधा आपल्या वेळापत्रकापेक्षा चांगले असते. सोबत मात्र विकत घेता येत नाही, ती रोज मिळवावी लागते. शहापूरचा मुलगा संध्याकाळी तालमीत जातो, मुलगी वाचनालयात आणि गल्लीत. ज्याला ही सोबत देणे शक्य नाही त्याने शाळाच बरी समजावी. आणि बापांनो, रात्री दमून आलात तरी एक तास तुमचा. या घरातील वडील लेकीला सायकलची साखळी बसवावयास आणि फूटपट्टीने नकाशा काढावयास शिकवितात, तेव्हा कोठे आईला वर्तमानपत्र हाती धरता येते.

आमचे बहुसंख्य वाचक मुलांना शाळेतच धाडणार, आणि ते योग्यच. परंतु या भागात मराठी मूल इंग्रजी वा कानडी माध्यमात गेले की त्याची मराठी शाळेत उरतेच असे नाही, ती स्वयंपाकघरात उरते. बोलण्यापुरती उरते, वाचण्यापुरती नव्हे. अशा प्रत्येक घरात वीस मिनिटांची घरशाळा उघडली पाहिजे : दहा मिनिटे मोठ्याने वाचन, दहा मिनिटे मुलाचे सांगणे, आणि रविवारी आजीला एक पत्र. यास ना कायदा आडवा येतो, ना पगार बुडतो.

परीक्षेची धास्ती धरणाऱ्यांसाठी माहिती देतो. 1989 साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही केंद्र सरकारची आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवी यांच्या तोडीचे तीन टप्पे आहेत. दहावीला बसण्यास वय किमान चौदा लागते, परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि दहावीसाठी मराठी माध्यम घेता येते. मध्येच मूल शाळेत परतू इच्छील तर शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्याला वयास योग्य अशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, हे मुख्याध्यापकांना न भिता सांगावे. मुलाच्या वह्या मात्र सन व महिना घालून बांधून ठेवा, रद्दीत घालू नका. उद्या कोणी विचारावयास आले तर त्याच दाखवावयाच्या आहेत.