घरच्या दप्तराचा बंदोबस्त

दुरुस्तीसाठी दिलेला संगणक परत घेताना ‘फॉरमॅट मारावा लागला’ हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा मनुष्य आता विरळाच असेल. आणि त्या एका वाक्यासरशी एखाद्या कुटुंबाच्या दहापंधरा वर्षांच्या छायाचित्रांचा, मुलांच्या गुणपत्रिकांचा, खरेदीखतांच्या नि सातबाऱ्याच्या प्रतींचा, दिवंगत आजीच्या आवाजात मुद्रित करून ठेवलेल्या ओव्यांचा कायमचा निकाल लागला, तरी सांगणारा खेद व्यक्त करीत नाही आणि ऐकणारा जाब विचारीत नाही, कारण संगणकाची यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने बसवायची म्हणजे जुने सारे पुसणे ओघानेच आले, ही समजूत उभयपक्षी दृढ होऊन बसली आहे. ही समजूत निराधार आहे, आणि ज्या घरांत कुटुंबाचे सर्व संचित एका लहानशा फाइल सर्व्हरवर एकत्र ठेवण्याची पद्धत आता रूढ होत आहे, त्या घरांना तर ती घातकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा सर्व्हर म्हणजे बहुधा एखादा जुना संगणक, त्यात दोन वा चार हार्ड डिस्क, त्यांवर डेबियन, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांसारखी विनामूल्य यंत्रणा, आणि घरातील सर्व फोनांची व लॅपटॉपची त्याच्याशी जोडणी. तो वर्षानुवर्षे निमूटपणे चालतो, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. कारण यंत्रणेचे आयुष्य संचिताच्या आयुष्यापेक्षा नेहमीच अल्प असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डेबियन १० ची दीर्घकालीन सुरक्षेची मुदत जून २०२४ मध्ये संपली, म्हणजे त्या साली मोठ्या हौसेने मांडलेला सर्व्हर पाचच वर्षांत असुरक्षित ठरला, आणि त्यावरील मुलीच्या बारशाची छायाचित्रे मात्र तिच्या नातवंडांपर्यंत पोहोचावीत अशी त्या घराची रास्त अपेक्षा आहे. जुन्या यंत्रणेवर नव्या आवृत्तीचे थर चढवीत राहिल्यास जुने दोषही बरोबर येतात. म्हणून काही वर्षांनी यंत्रणा पूर्णपणे बरखास्त करून नवी बसवणे हाच मला निकोप मार्ग वाटतो.

फडातला कारकून बदलला म्हणून दप्तर कोणी जाळीत नाही. नवा कारकून येतो, यादीबरहुकूम रुमाल मोजून ताब्यात घेतो आणि काम पुढे चालू होते. घरच्या सर्व्हरबाबतही असेच घडावे, अशी तजवीज संगणकशास्त्रज्ञांनी केव्हाच करून ठेवलेली आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत निर्माण झालेली आणि २००५ साली ओपनसोलारिसबरोबर सर्वांस खुली झालेली झेडएफएस ही फाइल साठवण्याची रचना प्रत्येक डिस्कवर तिच्या ओळखीचा लेख चार ठिकाणी, दोनदा आरंभी व दोनदा अखेरीस, लिहून ठेवते. त्यामुळे नव्या यंत्रणेत ‘इम्पोर्ट’ ही आज्ञा देताच, डिस्क पूर्वी कोणत्या केबलला जोडलेली होती याचीही चौकशी न करता, डिस्कचा संपूर्ण संच ओळखला जातो. २०२० च्या अखेरीस आलेल्या ओपनझेडएफएस २.० पासून तर फ्रीबीएसडी आणि लिनक्स या दोन भिन्न परंपरांच्या यंत्रणांसाठी ही रचना एकाच मूळ संहितेतून तयार होऊ लागली. लिनक्समधील एमडी पद्धतीची रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणारी रचना, हीही आपला तपशील डिस्कवरच नोंदवते. मात्र तेथे जुना संच ‘असेंबल’ करायचा असतो, ‘क्रिएट’ नव्हे, आणि घाईने दुसरी आज्ञा देणाऱ्याच्या हातून मूळ ओळखलेखावर नवा लेख चढून सुस्थितीतील संचित दुर्बोध होण्याचा संभव असतो.

तेव्हा नाश होतो तो तंत्राच्या अभावी नव्हे, तर बसवण्याच्या त्या अर्ध्या तासातील बेसावधपणामुळे. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ असा पर्याय बसवणारा प्रोग्राम सुचवतो, पुढ्यात एसडीए, एसडीबी अशी सारखी दिसणारी नावे असतात, आणि ही नावे यंत्र पुन्हा सुरू करताना बदलूही शकतात, हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. यावर उपाय एकच, आणि त्यात कोणतीही सवलत नसावी: यंत्रणा स्वतंत्र लहान डिस्कवर असावी आणि ती नव्याने बसवताना संचिताच्या सर्व डिस्कच्या केबल प्रत्यक्ष काढून ठेवाव्यात. बाहेरच्या कारागिराकडे यंत्र द्यायचे झाल्यास कोणती डिस्क पुसली जाईल आणि कोणतीस हात लागणार नाही, हे अनुक्रमांकांसह पावतीवर लिहून घेण्याचा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो त्याने आग्रहाने बजावला पाहिजे. रेड आहे म्हणून दुसरी प्रत नको, हा युक्तिवादही येथे टिकत नाही. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी एका निबंधात रेडची कल्पना मांडली, आणि तिच्यातील जादा नोंदींचे प्रयोजन डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे हे होते. चुकीची आज्ञा मात्र रेड सर्व डिस्कवर सारख्याच तत्परतेने अमलात आणते. दुसरी प्रत घराबाहेर, आणि ती उघडते याची खातरजमा केल्यानंतरच जुन्या यंत्रणेस हात.

यापुढची अडचण मात्र सूक्ष्म आहे आणि तिचा उलगडा न झाल्याने अनेकजण हताश होतात. फाइल कोणाच्या मालकीची, ही नोंद लिनक्सची यंत्रणा नावाने नव्हे तर क्रमांकाने ठेवते. डेबियनमध्ये पहिल्या वापरकर्त्यास १०००, दुसऱ्यास १००१ असे क्रमांक मिळतात. पूर्वी आईचा क्रमांक १००१ आणि मुलाचा १००२ असेल, आणि नव्या यंत्रणेत मुलाचे खाते आधी उघडले गेले, तर आईचे सर्व कागद मुलाच्या नावे दिसू लागतात आणि आईला स्वतःच्याच फाइल उघडण्यास मज्जाव होतो. येथे काहीही नष्ट झालेले नसते, केवळ नोंदींची अदलाबदल झालेली असते. परंतु हे न उमगल्यामुळे घाबरून ‘सर्वांना सर्व अधिकार’ देऊन टाकले जातात आणि घरातील खासगीपणाची सारी व्यवस्था मोडीत निघते. जुनी यंत्रणा बंद करण्यापूर्वी नावे व क्रमांक यांची यादी उतरवून घेतली आणि त्याच क्रमांकांनी नवी खाती उघडली, तर हा प्रसंगच उद्भवत नाही. घरातील इतर यंत्रांना फाइल पुरवणाऱ्या सांबा या प्रोग्रामचे पासवर्ड वेगळ्या कोठारात असतात, ते निराळे आणावे लागतात, एवढेही लक्षात असावे.

सर्वांत गंभीर बाब किल्लीची. डिस्क कूटबद्ध करून ठेवणे शहाणपणाचे आहे, पण ती उघडणारी किल्लीफाइल केवळ यंत्रणेच्याच डिस्कवर असेल आणि ती डिस्क पुसली गेली, तर संचिताचा एकही बिट न बिघडता ते कायमचे बंद होते, आणि जगातला कोणताही तज्ज्ञ मग त्यास उपयोगी पडत नाही. नवी यंत्रणा स्थिरस्थावर झाल्यावर प्रत्येक फाइल वाचून तिची रुजुवात घेणारी ‘स्क्रब’ ही क्रिया अवश्य चालवावी. मात्र संचाची रचना नव्या आवृत्तीस ‘अपग्रेड’ करण्याची सूचना झळकली तरी ती तूर्त तहकूब ठेवावी, कारण ती मान्य केल्यावर जुनी यंत्रणा तो संच उघडू शकेलच असे नाही.

ही सर्व माहिती आज बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो परगावी असेल, आजारी असेल किंवा हयात नसेल, तर पत्नीने वा आईवडिलांनी काय करावे, याचा विचार झालेला नसतो, आणि हे मला अक्षम्य वाटते. डिस्कचे अनुक्रमांक, खात्यांचे क्रमांक, संचाचे नाव, किल्ली कोठे आहे आणि कोणत्या क्रमाने काय करायचे, हे एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहून तो विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा. वर्षातून एकदा झेडएफएस असलेली यंत्रणा पेन ड्राइव्हवरून सुरू करून घरातील दुसऱ्या व्यक्तीने केवळ त्या कागदाच्या आधारे संच वाचनापुरता उघडून दाखवावा, आणि ती जेथे अडेल तेथे त्याच वेळी कागदात भर घालावी.