चिठ्ठी कोठे गेली?



आमदार निवडताना बटण दाबले की शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. मत कोणाला गेले ते डोळ्यांना कळते. जिल्हा परिषदेच्या मतदानाला मात्र चिठ्ठी गायब! मतदार तोच, शाळा तीच, बोटावरची शाई तीच. मग चिठ्ठी कोठे गेली?

आमदार-खासदारांची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, जिल्हा परिषदेची राज्य निवडणूक आयोग. दोघांची यंत्रे वेगळी. कागदी पुरावा ही निवडणुकीची अनिवार्य गरज आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितले. 2019 च्या लोकसभेला प्रत्येक केंद्रावर चिठ्ठी आली. आणि 2025 साली राज्य आयोग म्हणतो, एकाच मतदाराला अनेक मते द्यायची असतात, तशा यंत्राला चिठ्ठीची सोय अजून तयार नाही, अभ्यास चालू आहे. बारा वर्षे अभ्यासच?

यंत्र आभाळातून पडत नाही. खरेदीचा आदेश निघतो, त्यात मालाचे वर्णन असते, पैसा जनतेचा असतो. वर्णनात चिठ्ठी मागितलीच नाही, तर कारखाना देईल कशाला?

बियाणे घेताना आम्ही सांगत आलो, पावती जपा, टॅग टाकू नका, मूठभर बी बाजूला ठेवा. उगवले नाही तर तक्रार घेऊन जाताना तेच हातात लागते. पुरावा नसला की दुकानदार प्रामाणिक असो वा लबाड, शेतकऱ्याचे तोंड बंद. यंत्र लबाड आहे असे आमचे म्हणणे नाही. माल चोख असेल तर टॅग लावायला भीती कसली?

न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी मतपत्रिकेची मागणी फेटाळली, हे तोंडावर फेकले जाईल. खरे आहे. पण तो निकाल चिठ्ठीवाल्या यंत्रांबद्दलचा आहे. बिनचिठ्ठीच्या यंत्राने त्याच्या आड लपू नये.

जिल्हा बैठकीत तीन ठराव करू या. एक, चिठ्ठीची सोय नसलेले नवे यंत्र विकत घेऊ नये. दोन, खरेदीआधी यंत्राचे वर्णन आणि किंमत मराठीत जाहीर करावी. तीन, जुनी यंत्रे कधी बाद होणार, त्याची यादी तालुक्याला लावावी.

मत आपले, पैसा आपला. पावती मागायला लाजायचे कशाला?