दवंडी आमच्या तोंडी, मजकूर मात्र साहेबांच्या खिशात!

साथ आली की शासनाला सफाई कामगार आठवतो आणि आशाताई आठवते. मग त्यांच्यावर फुलं उधळली जातात, थाळ्या वाजतात, 'कोविड योद्धा' म्हणून सन्मानपत्रं छापली जातात. फुलांशी आमचं भांडण नाही. आमचा प्रश्न अगदी साधा आहे. ज्या गल्लीत या माणसाला तुम्ही पहाटे पाठवता, त्या गल्लीत काय आहे हे त्याला आदल्या रात्री सांगता का? कोण सांगतं, कोणत्या भाषेत, कशावर लिहून? आणि नाही सांगितलं तर जबाबदार कोण?

हा प्रश्न आम्ही बारामती आणि इंदापूरच्या संदर्भात मुद्दाम विचारतो आहोत. बारामतीचं नाव 2020 साली देशभर झालं. एप्रिल महिन्यात राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्याची पद्धत इथे लागू झाली, शहर सील झालं, भाजी-किराणा घरपोच देण्याची सोय उभी राहिली, घरोघरी तपासणी झाली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री इथलेच होते. त्यामुळे कौतुकाला तोटा नव्हता. पण भिलवाड्यात साथ सुरू कुठून झाली होती, हे किती जणांच्या लक्षात आहे? ती सुरू झाली एका खाजगी रुग्णालयातून. बाधितांत आधी सापडले तिथले डॉक्टर आणि कर्मचारी. म्हणजे त्या जिल्ह्याचा पहिला धडा नाकाबंदीचा नव्हताच. जो माणूस कामासाठी रोगाच्या सर्वात जवळ उभा असतो तो आधी आजारी पडतो, आणि त्याला वेळेत कळलं नाही तर रोग त्याच्या घरी आणि वस्तीत जातो, हा तो धडा होता. आपण नाकाबंदी उचलली. धडा तिथेच राहिला. बारामती पॅटर्नच्या गौरवात नागरिकांच्या दारात काय काय पोचलं याची वर्णनं भरपूर वाचायला मिळतात. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात कोणता कागद पोचला, याची मिळत नाहीत.

काही जण म्हणतील, यात जात कुठून आणता? आणतो, कारण ती तिथे आधीपासूनच बसलेली आहे.

महार वतनाची कामं आठवा. चावडीवर लोकांना बोलावणं, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणं, मयताची खबर कोसभर चालत जाऊन सांगणं, गावात दवंडी देणं. म्हणजे गावगाड्याची सगळी खबर आमच्या बापजाद्यांच्या पायांवर चालत होती. हुकूम रात्री-अपरात्री यायचा, आणि घरचा कर्ता नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही ओढून न्यायचे. पण टपालात काय लिहिलंय हे वाचायची त्याला बंदी होती, कारण अक्षराचीच बंदी होती. निरोप्याला निरोपाचा अर्थ कळू द्यायचा नाही, ही या व्यवस्थेची खुबी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या वेठीविरुद्धच. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं गेली. वतन गेलं, निरोपाची उतरंड गेली का?

आजची उतरंड बघा. जिल्हाधिकारी आदेश काढतात. तो प्रांतांकडे, तहसीलदारांकडे येतो. तिथून शहरात मुख्याधिकारी, तालुक्यात गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी. मुख्याधिकाऱ्यांकडून आरोग्य निरीक्षक, निरीक्षकाकडून मुकादम. इथपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पीडीएफ चालते. मुकादमाच्या खाली काय चालतं? तोंड. "उद्या त्या गल्लीत जा, मास्क लाव." बस्स, झाली माहिती! मुळात चार पानांचा आदेश असतो. कोणता भाग प्रतिबंधित, कचरा वेगळा कसा ठेवायचा, अंगावर काय घालायचं, ताप आला तर कुठे जायचं, रजा कशी मिळेल हे सगळं त्यात असतं. उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर त्यातलं एक वाक्य उरतं. आणि त्या शेवटच्या पायरीवर कोण उभा असतो हे आम्ही सांगायला नको. हजेरीपत्रक उघडा आणि आडनावं वाचा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च 2020 मध्येच कोविडच्या कचऱ्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. विलगीकरणातल्या घरांचा जैववैद्यकीय कचरा पिवळ्या पिशवीत, तो उचलणाऱ्यांना प्रशिक्षण, तीन पदरी मास्क, जाड हातमोजे, गमबूट, चष्मा. पुढच्या सुधारणेत तर हा कचरा आणि रोजचा कचरा उचलणारे कामगार वेगवेगळे ठेवा असंही आलं. कागद उत्तम होता, पण मूळ कागद इंग्रजीत. आता आम्ही दोन्ही नगरपरिषदांना विचारतो. या सूचनांचं मराठीत एक पान करून आरोग्य कोठीच्या भिंतीवर लावलं होतं का? लावलं असेल तर त्याची प्रत दाखवा, आम्ही याच ठिकाणी जाहीर कौतुक करू.

इथे नेहमीची उत्तरं येतात. पहिलं उत्तर, "ते आमचे कर्मचारी नाहीत, ठेकेदाराचे आहेत." हे ऐकून आता हसूही येत नाही. रस्ता नगरपरिषदेचा, गाडीवर नाव नगरपरिषदेचं, स्वच्छ सर्वेक्षणाचं बक्षीस नगरपरिषदेचं, आणि माणूस तेवढा ठेकेदाराचा? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने 'मूळ मालक' ही संज्ञा रुजवली. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देणं मूळ मालकावर आलं. पगाराची जबाबदारी मूळ मालकावर येते, मग जिवाची का नाही? लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा आधार तरी मिळाला. ठेक्यावरच्या माणसाच्या वारसाला मिळतो तो फक्त झाडू.

दुसरं उत्तर, "सगळं सांगितलं तर घबराट पसरेल, माणसं कामावर येणार नाहीत." हे उत्तर मात्र फार जुनं आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा महापालिका आयुक्त स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती हलालखोर शहर सोडून जातील याची. ते गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे गोऱ्या साहेबाला पक्कं ठाऊक होतं, आणि सक्तीची पावलं मागे घेण्याच्या कारणांत ही भीती होती. मैला वाहणाऱ्या माणसावाचून शहर एक आठवडा चालत नाही हे सत्तेला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. ते कळूनही त्याला अंधारात ठेवायचं, याला आम्ही घबराट टाळणं म्हणत नाही. याला वेठ म्हणतात. माणूस धोका माहीत असूनही कामाला जातो, फक्त त्याला हातमोजे आणि खरं बोलणारा मुकादम लागतो. न सांगता पाठवलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मोबाइलवर काहीबाही ऐकतो, आणि घबराट पसरते ती तिथून.

आणि हो, अफवा पसरवू नका म्हणून 2020 च्या राज्याच्या नियमावलीत तंबी होतीच. खात्री न केलेली माहिती पसरवणाऱ्यावर कारवाई. ठीक आहे. पण खात्रीची माहिती न देणाऱ्यावर कोणती कारवाई? 1897 चा साथरोग कायदा काढून बघा. मूळ कायदा चार कलमांचा. चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. साहेबाला संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. एप्रिल 2020 मध्ये अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा आली, तेही योग्यच झालं. म्हणजे जनतेपासून कर्मचाऱ्याचं रक्षण झालं. कार्यालयाच्या मौनापासून कोण करणार? त्याच 1897 साली प्लेगच्या रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना सावित्रीमाईंना संसर्ग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. आमच्या माईला धोका माहीत होता, ती जाणून गेली. जाणून जाणं आणि न सांगता ढकललं जाणं यातला फरक ज्याला कळत नाही त्याने माईच्या फोटोला हार घालू नये.

माहिती नसण्याची किंमत मेल्यानंतरही भरावी लागते. 29 मे 2020 च्या शासन निर्णयाने कोविडच्या कामावर असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला 50 लाख रुपये देण्याचं ठरलं. त्यासाठी तो माणूस कोविडच्या कामावर होता हे कागदावर दिसावं लागतं. ज्याला आदेशच तोंडी मिळाला, त्याच्या बायकोने कोणता कागद जोडायचा? मुकादमाचा आवाज जोडायचा का? लेखी माहिती मागणं हा आमचा हट्ट वाटत असेल तर हे गणित एकदा करून बघा.

आशाताईंचं दुखणं याच जातीचं. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. नाव छान आहे, पण आशाताईचं कुटुंब कुणाची जबाबदारी? शेवटी जून 2021 मध्ये राज्यभरच्या आशांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे मानधनात 1000 आणि कोविड भत्ता 500 रुपये पदरात पडले. तिला 'कर्मचारी' म्हणत नाहीत, 'स्वयंसेविका' म्हणतात. एका शब्दाने मालक मोकळा!

कोविड संपला, आता कशाला उकरता, असं वाटत असेल तर जानेवारी 2025 आठवा. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याकडे बोट गेलं, विहिरीच्या पाण्याची चर्चा झाली. अशा वेळी पाणी सोडणारा, टाकी धुणारा, गटार उपसणारा माणूस कुठल्या विहिरीवर पाणी पितो हे कुणी विचारलं? बारामती-इंदापूरला तर साथीची परीक्षा दरवर्षी ठरलेल्या तिथीला येते. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. 2020 आणि 2021 साली पादुका एसटीने गेल्या, एरवी लाखो माणसं या रस्त्याने चालतात आणि मुक्काम करतात. पटकीच्या साथी वारीच्या वाटेने पसरल्याचा इतिहास आहे. पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाची जागा कोण साफ करतं, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा माणूस टीसीएल पावडर उघड्या हाताने मिसळतो की हातमोजे घालून, जुलाबाचे रुग्ण कोणत्या गावात वाढलेत हे त्याला त्या सकाळी कळतं की आठवड्याने पेपरात? वारकऱ्याची सेवा करायला सगळे पक्ष मांडव टाकतात. या माणसासाठी एक फळा टाका. कोठीवर फळा, त्यावर रोज खडूने गावाचं नाव, रोगाचं नाव, काय घालायचं, कुणाला फोन करायचा. याला निविदा लागत नाही.

ज्या साथींना फळा लावणार नाही त्यांच्यासाठी कायदा आहे, तो वापरा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 च्या पोटकलम 4 मध्ये स्पष्ट आहे की माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरेल अशा रीतीने पोचवायची. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणाने परत करतील. विचारा: मागच्या साथीत ठेका कामगारांना लेखी सूचना कोणत्या तारखेला दिल्या, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाची प्रत द्या, साहित्य वाटपाची सह्यांसह यादी द्या. साथ चालू असताना अर्ज कराल तर वरच ठळक लिहा की माहिती जीविताशी संबंधित आहे. मग त्यांना 30 दिवस मिळत नाहीत, कलम 7(1) प्रमाणे 48 तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज देताना पोच घ्या, तीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. तास मोजायचे आहेत.

जय भीम!