बटणाचं व्याकरण

मंडळी, आज जरा वेगळा विषय घेतलाय: वेबपानांवरची बटणं आणि दुवे. नाव वाचून पान बंद करू नका! मी काही कॉम्प्युटरची बाई नव्हे. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, लेखी आणि तोंडी दोन्ही परीक्षा घेतल्या, आणि निवृत्त झाल्यावर भाच्याकडून इंटरनेट शिकले. पण गेली काही वर्षं पाहते आहे, की या बटणांचा प्रश्न जितका तंत्राचा, तितकाच भाषेचा आणि माणुसकीचाही आहे. मग त्यावर मराठीच्या बाईने बोलायला काय हरकत आहे?

आधी व्याकरण. पानावर आपण दोन प्रकारच्या जागांवर टिचकी मारतो. एक दुवा, म्हणजे लिंक. दुसरं बटण. दुवा आपल्याला कुठेतरी नेतो. बटण काहीतरी करतं: अर्ज पाठवतं, पैसे भरतं, फोटो काढून टाकतं. माझ्या भाषेत सांगायचं तर दुवा हे नाम आणि बटण हे क्रियापद, तेही आज्ञार्थी. म्हणून दुव्यावर ठिकाणाचं नाव हवं, 'प्रवेशाची नियमावली' असं. आणि बटणावर कामाचं नाव हवं, 'अर्ज पाठवा' असं. एवढा एक नियम पाळला तरी अर्धी पानं सुधारतील असं माझं मत आहे.

आता आपल्याकडे काय चालतं ते पाहा. 'नियमावलीसाठी येथे क्लिक करा. वेळापत्रकासाठी येथे क्लिक करा. शुल्कासाठी येथे क्लिक करा.' डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात वावगं वाटत नाही, कारण आजूबाजूचे शब्द दिसत असतात. पण ज्यांना दिसत नाही ते संगणकाला वाचून दाखवायला लावतात. त्यासाठी स्क्रीन रीडर नावाची प्रणाली असते. 'एनव्हीडीए' हा त्यातला एक, फुकट मिळणारा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी त्याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि हे दोघेही स्वतः दृष्टिहीन. या रीडरला सांगितलं, की पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी दे, तर तो देतो. वरच्या पानाची यादी काय होईल? येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. 'येथे' हे स्थलवाचक क्रियाविशेषण खरं, पण यात स्थळच नाही!

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे, आता तीही पन्नाशीला आली. काचबिंदूने चाळिशीतच तिची दृष्टी गेली. पण मुलगी मुळात जिद्दीची. स्क्रीन रीडर शिकली, नोकरी टिकवली, एकटीने मुलाला वाढवलं. त्याच्या कॉलेजप्रवेशाचा अर्ज तिने पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत स्वतः भरला. शेवटी 'पुढे चला' होतं, आणि ते काही केल्या तिच्या रीडरला सापडेना. दिवस शेवटचा. मग शेजारच्या मुलाला बोलावलं. त्याने एका सेकंदात ते बटण दाबलं. पुढच्या पानांवरही तोच प्रकार, म्हणून तो तासभर बसला. पासवर्ड त्याला सांगावा लागला, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगावा लागला. अर्जात वार्षिक उत्पन्न होतं, घटस्फोटाचा कागद होता. फोनवर मला म्हणाली, "बाई, मुलगा चांगला आहे हो. पण आमच्या घरातलं सगळं त्याने पाहिलं. मला वाचता सगळं येतं, फक्त दाबता येत नाही."

तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही. लोक याला 'गैरसोय' म्हणतात. मला तो शब्द फार तोकडा वाटतो. जिना चढायला त्रास होणं ही गैरसोय. पण जी बाई आपलं काम स्वतः करू शकते, तिला आपली गुपितं दुसऱ्याच्या हाती द्यायला लावणं हे तिचं स्वातंत्र्य काढून घेणं आहे. आणि ते कशामुळे? एका बटणामुळे.

ते बटण तिला का सापडलं नाही, हे मी भाच्याला विचारलं. तो वेबसाइटी बनवतो. म्हणाला, "मावशी, ते बटण नसेलच. बटणासारखं रंगवलेलं खोकं असेल." वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये बटणासाठी 'बटन' नावाचाच घटक आहे आणि दुव्यासाठी 'ए' नावाचा. हे घटक वापरले की ब्राउझर बाकीचं सगळं आपणहून करतो. कीबोर्डवरची टॅब कळ त्यांच्यापाशी थांबते, स्क्रीन रीडर 'बटन' किंवा 'लिंक' असं सांगतो, दुवा एंटरने उघडतो, बटण एंटरने आणि स्पेसबारनेही दाबलं जातं. पण पुष्कळजण 'डिव' नावाचं साधं खोकं घेतात, त्याला रंग, सावली, गोल कोपरे देतात आणि माउसची टिचकी पडली की काय करायचं तेवढं लिहून मोकळे होतात. दिसायला हुबेहूब बटण. पण टॅब तिथे थांबत नाही, आणि हे बटण आहे हे रीडरला कळत नाही. नाटकातल्या पडद्यावर रंगवलेलं दार असतं ना, तसं. खरं दार बसवायला जास्त पैसे पडतात का, असं मी विचारलं. "उलट कमी काम असतं," म्हणाला! मग हे का होतं? कारण शिकवणारे आधी दिसणं शिकवतात आणि असणं नंतर, वेळ उरला तर.

दिसण्याबद्दलही बोलायला हवं, कारण सुंदर बटण मलाही आवडतं. पण सुंदर म्हणजे फिकट, असा एक समज कुठून आला कोण जाणे. पांढऱ्यावर राखाडी, नारिंगीवर पांढरं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझ्यासाठी अशी बटणं पानावर नसल्यातच जमा होती. याचं मोजमाप ठरलेलं आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, आणि तिच्यातच भर घालून २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. त्यानुसार साध्या आकाराची अक्षरं आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ ला १ हवं. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ ला १ असतं. आपल्याकडच्या लाडक्या नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं घातली, तर जेमतेम २ ला १ भरतं. म्हणजे सपशेल नापास! त्याच नारिंगीवर काळी अक्षरं घाला, १० च्या वर जातं. रंग तोच, शोभा तीच, फक्त शाई बदलली.

दुसरं, दुव्याखालची रेघ. ती जुनाट दिसते म्हणून काढून टाकतात आणि फक्त रंग बदलून ठेवतात. ज्यांना रंगांतला भेद नीट कळत नाही त्यांच्यासाठी मग दुवा आणि साधं वाक्य यांत फरकच उरत नाही. मजकुराच्या मधे दुवा असेल तर रेघ असू द्यावी.

तिसरं, टॅब दाबत गेलं की आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट येते. ती 'घाणेरडी' दिसते म्हणून लोक मुद्दाम पुसतात. माउस धरता न येणाऱ्या कंपवाताच्या माणसाला ती चौकट म्हणजे अंधारातली बॅटरी आहे. आवडत नसेल तर चांगली रंगवा, पण पुसू नका.

आणि आकार. २.२ या आवृत्तीत बटणासाठी निदान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत, साधारण पाव इंच. (वाक्याच्या मधल्या दुव्यांना यातून सूट आहे.) त्याआधी, २०१८ च्या २.१ आवृत्तीत, सर्वांत कडक पायरीसाठी ४४ सांगितले होते. माझं मत विचाराल तर ४४ च धरा. सत्तरीतलं बोट आणि विशीतलं बोट यांत फरक असतो, आणि 'भरणा करा' व 'काढून टाका' ही बटणं एकमेकांना चिकटून असली की तो फरक महागात पडतो.

आता जे इंग्रजीवरून उचलून आणलेल्या नियमांत मिळत नाही ते सांगते, कारण ते आपल्या लिपीचं आहे. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बटणाची उंची पक्की केली की 'पूर्ण' चा रफार वरून कापला जातो आणि ऊकार खालून. उंची पक्की न करता ओळींमधली जागा थोडी वाढवावी. दुव्याची रेघ उकारातून जाते, ती थोडी खाली सरकवता येते. आणि बटण ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडण्याची जी फॅशन आहे ती आपल्याकडे अजिबात नको. शिरोरेखा तुटते हो! शिरोरेखा तुटलेला शब्द मी वहीत कधी चालवून घेतला नाही, वेबवर का चालवून घेऊ? शिवाय पानाची भाषा मराठी आहे, असं पानाच्या सुरुवातीला संगणकाला सांगावं लागतं. त्यासाठी 'एमआर' हा दोन अक्षरी संकेत आहे. तो नसेल तर रीडर आपलं मराठी भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू लागतो.

शब्दांचाही घोळ पाहा. एका ठिकाणी मी तिकीट रद्द करत होते. प्रश्न आला, 'तुम्हाला आरक्षण रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं, 'ठीक' आणि 'रद्द करा'. आता काय दाबायचं? आरक्षण रद्द करायचं, की रद्द करणं रद्द करायचं? तिथे 'आरक्षण रद्द करा' आणि 'आरक्षण राहू द्या' असं हवं होतं. तसंच 'जमा करा'. अर्ज की पैसे? आज्ञार्थ वापरताना कर्म गाळू नये, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं चांगुलपणावर सोडलेलं आहे असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचं पाऊल टाकलं. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन व्यक्ती यांच्या याचिका होत्या. ओळख पटवण्यासाठी पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र सांगतं. ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी काय करावं, हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याच्या हक्काचा! म्हणजे बटण हा कलाकुसरीचा विषय राहिलेला नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकू येतं: "आमच्या साइटवर अंध लोक येतच नाहीत." अहो, रंगवलेल्या दारातून कोण येणार? आणि ते आले नाहीत हे तुम्हाला कसं कळलं? ते येतात, चाचपडतात, आणि शेजारच्या मुलाला हाक मारतात. तुमच्या आकडेवारीत त्या मुलाची टिचकी नोंदली जाते, तिची लाचारी नोंदली जात नाही.

आपण ब्लॉगवालेही यात आहोत. टेम्प्लेट आपल्या हातात नसेल, पण 'येथे' ऐवजी लेखाचं नाव देणं आपल्याच हातात आहे. मराठी फाँटचा घोळ होता तेव्हा आपण बटणाऐवजी अक्षरांची चित्रं लावत असू. अशी चित्रं कुणाकडे अजून असतील तर काढा, नाहीतर निदान त्यांना पर्यायी मजकूर द्या, कारण रीडर त्यांच्या जागी बरेचदा फाइलचं नाव वाचतो. नातेवाइकांपैकी जी मुलं या धंद्यात आहेत त्यांना मात्र गृहपाठ देते. माउस बाजूला ठेवायचा आणि आपण बनवलेल्या पानावर नुसत्या टॅब, एंटर आणि स्पेसबारने एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठवून दाखवायचा. जिथे अडाल तिथे कुणीतरी आधीच अडलेलं आहे, असं समजा. कुठे अडलात ते मला कळवा. वही तपासायची सवय अजून गेलेली नाही. :)