सरकारी कंत्राट आणि वृत्तपत्राचा गळा

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मार्च 2016 मध्ये ज्यूरीने गॉकर मीडिया या प्रकाशनसंस्थेविरुद्ध एका विख्यात कुस्तीगिराला एकूण 14 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, तेव्हा या दाव्यामागे कोणाची थैली आहे हे ज्यूरीलाही ठाऊक नव्हते आणि वाचकांनाही नव्हते. दोन महिन्यांनी ते उघड झाले. वादीच्या वकिलांचा सुमारे 1 कोटी डॉलरचा खर्च पीटर थील या धनाढ्य उद्योजकाने गुप्तपणे उचलला होता. गॉकरच्या एका सदराने 2007 मध्ये त्याच्या खासगी जीवनाविषयी मजकूर प्रसिद्ध केला होता. त्याचे उट्टे नऊ वर्षांनी, दुसऱ्याच्या नावाने, न्यायालयाच्या दारातून काढण्यात आले. जूनमध्ये गॉकरने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये तिचे मुख्य संकेतस्थळ बंद पडले.

गॉकरची तरफदारी करण्याचे कारण नाही. कोणाच्या शयनगृहातील चित्रफीत चव्हाट्यावर आणणे हा पत्रकारितेचा धर्म नव्हे, आणि त्या कुस्तीगिराला दाद मागण्याचा पूर्ण अधिकार होता. परंतु दाव्यातील एक बारकावा पाहण्याजोगा आहे. ज्या आरोपाखाली भरपाईचा भार गॉकरच्या विमा कंपनीवर पडू शकला असता, नेमका तोच आरोप वादीच्या वकिलांनी मध्येच मागे घेतला. ज्याला पैसे वसूल करायचे असतात, तो विमा कंपनीला मोकळी सोडीत नाही. येथे प्रकाशनसंस्थाच बुडवायची होती. थीलने पुढे या उद्योगाची गणना आपल्या परोपकारी कार्यात केली, यावरून धनिकांच्या शब्दकोशात परोपकाराचा अर्थ काय होतो तेही कळले.

हा गृहस्थ कोण आहे हे पाहिल्यावाचून प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. पेपाल या कंपनीत पैशांच्या देवघेवीतील लबाड्या हुडकण्यासाठी जे संगणकीय तंत्र वापरले जाई, तेच हेरगिरीला लावण्याच्या कल्पनेतून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पॅलंटिर ही कंपनी काढली. सीआयएची गुंतवणूकशाखा इन-क्यू-टेल हिने आरंभीच तीत सुमारे 20 लाख डॉलर घातले, आणि सीआयए हीच तिची पहिली मोठी गिऱ्हाईक झाली. राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपाचा कट्टर विरोधक म्हणून थील मिरवतो. स्वातंत्र्य आणि लोकशाही यांचा मेळ बसतो असे आपल्याला आता वाटत नाही, असे त्याने 2009 मध्ये लिहूनही टाकले. मात्र त्याच्या कंपनीची भरभराट झाली ती राज्यसंस्थेच्या तिजोरीवर. 2016 मध्ये कंपनीने अमेरिकी लष्करालाच न्यायालयात खेचले, तो दावा जिंकला, आणि 2019 मध्ये 80 कोटी डॉलरहून मोठे कंत्राट तिच्या पदरात पडले. ऑगस्ट 2025 मध्ये लष्कराने दहा वर्षांसाठी 1,000 कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार तिच्याशी केला. याच थीलने 2016 मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराला साडेबारा लाख डॉलर दिले. एके काळी त्याच्या गुंतवणूकसंस्थेत नोकरीला असलेल्या जे. डी. व्हान्स यांच्या 2022 च्या सेनेट निवडणुकीसाठी त्याने सुमारे दीड कोटी डॉलर ओतले. व्हान्स जानेवारी 2025 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले. शिवाय 2005 पासून 2022 पर्यंत फेसबुकच्या संचालक मंडळावर थील बसलेला होता. म्हणजे कंत्राट देणारे, कंत्राटाची बातमी पसरविणारे आणि कंत्राट घेणारे एकाच बैठकीत दिसू लागले.

कंपनीच्या अंतरंगाचे दर्शन फेब्रुवारी 2011 मध्येच घडले होते. एचबीगॅरी फेडरल या संगणक-सुरक्षा कंपनीचा प्रमुख ॲरन बार याने ‘ॲनॉनिमस’ या गटाच्या म्होरक्यांची नावे हुडकल्याची बढाई वृत्तपत्रातून मारली. त्या गटाने त्याच्याच कंपनीची हजारो पत्रे चोरून प्रसिद्ध केली. सुरक्षा विकणाऱ्याच्या घरालाच कडी नव्हती! त्या पत्रांतून जे बाहेर आले ते मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. एचबीगॅरी फेडरल, पॅलंटिर आणि आणखी एक कंपनी अशा तिघींनी मिळून बड्या वकिलांच्या एका पेढीसाठी योजना आखल्या होत्या. विकिलीक्सला खोटी कागदपत्रे पुरवून तिची पत घालवावी, आणि तिचे समर्थन करणारे पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्यासारख्यांवर त्यांच्या उपजीविकेच्या मार्गाने दडपण आणावे, असे एका योजनेत होते. दुसरी योजना अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सवर टीका करणाऱ्या कामगार संघटना व त्यांच्याशी संबंधित मंडळांविरुद्ध होती. चेंबरने आणि बँक ऑफ अमेरिकेने आपला यात हात नसल्याचे सांगितले. पॅलंटिरच्या प्रमुखाने ग्रीनवाल्ड यांची क्षमा मागितली. बार यांनी राजीनामा दिला. पॅलंटिरची कंत्राटे चालूच राहिली.

कामगारांशी या यंत्रणेचा संबंध एवढ्यावरच थांबत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये मिसिसिपी राज्यातील कोंबडीप्रक्रिया कारखान्यांवर छापे पडून एका दिवसात सुमारे 680 स्थलांतरित कामगार पकडले गेले. छापे घालणारी शाखा पॅलंटिरच्या प्रणाली वापरीत होती. मजुरांची मुले शाळेतून परतली तेव्हा घराला कुलूप होते, आणि ज्या नोंदींच्या आधारे हा कारभार चालतो त्या तपासण्याचा अधिकार त्या मजुरांपैकी कोणालाही नव्हता.

ब्रिटनमधला अनुभव येथे मोलाचा आहे. मार्च 2020 मध्ये, महामारीच्या गडबडीत, या कंपनीने तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेचे काम अवघ्या एका पौंडात पत्करले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते 2 कोटी 30 लाख पौंडांचे झाले. ओपनडेमॉक्रसी या छोट्या, ना-नफा वृत्तसंस्थेने सरकारला न्यायालयात खेचले, तेव्हा महामारीपलीकडे या कंपनीचा वापर वाढविण्यापूर्वी जनतेचे मत घेण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. पुढे 2023 मध्ये 33 कोटी पौंडांचे कंत्राट पॅलंटिरलाच मिळाले आणि प्रसिद्ध झालेल्या करारातील पानेच्या पाने काळी केलेली निघाली, हे खरे. परंतु निदान पाने काळी आहेत हे तरी लोकांना दिसले. ते दाखविणारी वृत्तसंस्था एखाद्या कोट्यधीशाच्या दाव्याने आधीच बुडाली असती तर तेही दिसले नसते.

जून 1975 मध्ये या देशात सेन्सॉर बसला तेव्हा त्याचे कार्यालय होते, शिक्का होता आणि त्याच्याविरुद्ध सत्याग्रह करता येत होता. आजच्या सेन्सॉरला कार्यालय लागत नाही. 2021 मध्ये पेगॅसस प्रकरणात चाळीसच्या आसपास भारतीय पत्रकारांचे दूरध्वनी क्रमांक संभाव्य लक्ष्यांच्या यादीत निघाले; सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीशी केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट 2022 मध्ये सरन्यायाधीशांनीच भर न्यायालयात सांगितले. अशी साधने कोणाकडून व किती किमतीला घेतली जातात, हा प्रश्न संसदेत अनुत्तरितच राहिला.

म्हणून पक्षाच्या आमदारांनी, नगरसेवकांनी आणि कार्यकर्त्यांनी पोलीस, आरोग्य व शिधावाटप या खात्यांतील प्रत्येक संगणक-कंत्राटाची प्रत मागितली पाहिजे: रक्कम किती, मुदत किती, नागरिकांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, आणि करार संपल्यावर त्या परत कशा मिळणार. वृत्तपत्रांविरुद्धच्या दाव्यांत पडद्याआडून पैसा पुरविणाऱ्याचे नाव न्यायालयापुढे आलेच पाहिजे, असा कायदा व्हावा ही मागणीही तिच्या जोडीने करावी.